हर्क्युलीस सेगर्स याची मुद्राचित्रे

हर्क्युलीस सेगर्स (सु. १५९०–सु. १६३८) हा डच निसर्गचित्रकार आणि अम्लरेखनकार. जन्म हार्लेमचा. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गिलिस व्हान कोनिंक्सलो याच्याकडे तो चित्रकला शिकला आणि १६१२ मध्ये हार्लेमच्या चित्रकार-संघाचा सदस्य झाला. पुढे त्याचे वास्तव्य अ‍ॅम्स्टरडॅम, उत्रेख्त व द हेग येथे होते.

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरायची आणि त्यावरून एकसारख्या प्रती काढून विकायच्या, ही अम्लरेखनाची तेव्हाची रीत होती. सेगर्सने नेमका हा एकसारखेपणाच नाकारला. ठसा घेण्याआधी तो कागदाला किंवा कापडाला रंगाचा हात देई, काळ्याऐवजी निळी, हिरवी शाई वापरी, छापून झाल्यावर कुंचला फिरवी आणि पुष्कळदा कडा कापून चित्राची चौकटही बदलून टाकी. त्यामुळे एकाच पत्र्यावरचा खडकाळ दर्‍यांचा देखावा एका ठशात पहाटेचा वाटतो, तर दुसर्‍यात वादळाआधीचा. राइन्सबर्गच्या मठाचे भग्नावशेष त्याने गडद पार्श्वभूमीवर फिकट पिवळ्या शाईने छापले. तिथे विटांच्या रेषाच उजेड होतात. सॅम्युएल व्हान होख्स्ट्राटेन या चित्रकाराने १६७८ मध्ये लिहिले, की सेगर्स रंगचित्रेच छापत असे. याहून नेमके वर्णन अवघड आहे.

सेगर्सची आणखी एक पद्धत अशी: साखर मिसळलेल्या द्रावाने पत्र्यावर रेखाटायचे, वर आम्लरोधक थर द्यायचा आणि पत्रा पाण्यात ठेवायचा. साखर विरघळताना तेवढाच थर सुटतो व कुंचल्याची रेघ जशीच्या तशी कोरली जाते. ही पद्धत त्याने इतरांच्या शतकभर आधी वापरली. जहाजाचे चित्र असलेला एक मोठा पत्रा कापून त्याच्या तुकड्यांवर त्याने निसर्गदृश्ये कोरली. काहींमध्ये शिडांचे दोर अजून ओळखू येतात.

डच चित्रकार रेम्ब्रांट याच्याकडे सेगर्सची आठ चित्रे होती, अशी त्याच्या मालमत्तेच्या १६५६ च्या यादीत नोंद आहे. सेगर्सचा ‘टोबायस व देवदूत’ या बायबलमधील प्रसंगाचा पत्रा मिळवून रेम्ब्रांटने त्यातल्या आकृती घासून काढल्या आणि तिथे इजिप्तकडे निघालेले पवित्र कुटुंब (मेरी, जोसेफ व बाल येशू) कोरले. मागचा देखावा मात्र त्याने बराचसा तसाच ठेवला.

पन्नासहून अधिक पत्र्यांचे मिळून सुमारे १८० ठसेच आज उरले आहेत. सर्वांत मोठा संग्रह अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तेथे २०१६ मध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनांत एकाच पत्र्याचे ठसे शेजारी शेजारी पाहता आले. पुस्तकांत बहुधा त्यांतला एकच छापला जातो आणि सेगर्सचे खरे काम वाचकापर्यंत पोहोचत नाही.