चांदीच्या पलीकडून निघणारा प्रकाश

प्रकाश पडला की स्वतः चमकणारा रंगद्रव्याचा रेणू धातूला थेट चिकटवला की विझतो. त्याची ऊर्जा धातूत शिरून उष्णता होते. पण म्हणून धातू चमकेचा शत्रूच, हा समज चुकीचा आहे. रेणू चांदीपासून 10-20 नॅनोमीटर दूर ठेवा आणि चांदीचा थर जेमतेम 50 नॅनोमीटर जाडीचा घ्या. प्रकाश चक्क चांदीच्या पलीकडून बाहेर पडतो!

रचना अशी: काचेचा प्रिझम, त्यावर निर्वातात चढवलेली चांदी, तिच्यावर पारदर्शक थर आणि सर्वांत वर ऱ्होडामिनसारख्या रंगद्रव्याचा पापुद्रा. वरून हिरवा लेसर सोडला की रेणू उत्तेजित होतात आणि आपली ऊर्जा चांदीतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांना देतात. इलेक्ट्रॉनांची दाटी-विरळी पृष्ठभागावरून लाट होऊन धावते. हाच पृष्ठीय प्लाझ्मॉन.

ही लाट हवेत सुटून प्रकाश का होत नाही? कारण ती हवेतल्या प्रकाशापेक्षा किंचित मंद असते. समुद्राची लाट तिरपी आली की तिच्या फेसाची कडा किनाऱ्यालगत लाटेपेक्षाही वेगाने सरकते. प्रकाशाचंही तसंच: तो कितीही तिरपा असो, पृष्ठभागालगत त्याच्या शिखरांची चाल त्याच्या मूळ वेगाखाली येतच नाही. म्हणून हवेत दोघांची गाठ पडत नाही. काचेत मात्र प्रकाशाचा वेगच सुमारे दोन-तृतीयांश उरतो. तिथे एक नेमका कोन सापडतो, जिथे शिखरांची चाल प्लाझ्मॉनशी जुळते. नुसत्या चांदीवर नारिंगी-तांबड्या प्रकाशासाठी तो 43 अंशांच्या जवळपास, निळ्यासाठी 46च्या. वर थर चढवले की आणखी वाढतो. चहूकडे विखुरणारी चमक अशी काचेत अरुंद पोकळ शंकू होऊन निघते, आणि प्रत्येक रंगाचा शंकू वेगळा!

1968 साली क्रेचमन आणि रेटर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रिझममधून प्रकाश पाठवून प्लाझ्मॉन जागा केला होता. इथे तीच वाट उलटी चालली जाते.

यात चांदी स्वतःची ऊर्जा रतिभरही घालत नाही. लेसरने दिलेल्यातलीच थोडी ती उष्णतेत घालवते. ‘नॅनो-चांदीची ऊर्जा’ म्हणून पाणी-बाटल्या विकणाऱ्यांना हा हिशेब जरूर विचारावा.

प्लाझ्मॉनचं विद्युतक्षेत्र, म्हणजे त्याचा प्रभाव, पृष्ठभागापासून काही शे नॅनोमीटरपर्यंतच पोचतं. त्यामुळे रक्ताच्या नमुन्यात रंगद्रव्य लावलेलं जे प्रथिन चांदीवरच्या थराला चिकटलं, तेच या शंकूत उजळतं. द्रवात दूर तरंगणारे रेणू त्यात जवळपास दिसत नाहीत.