आयसीयूत सुरू असलेलं बीपीचं इंजेक्शन : नॉरअ‍ॅड्रेनलिनबद्दल नातेवाइकांसाठी माहिती

नाशिकच्या मुंबई नाका परिसरातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सुरगाणा, पेठ, कळवण, निफाडहून आलेली माणसं रात्री-अपरात्री चिठ्ठी घेऊन उभी असतात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘इंजे. नॉरअ‍ॅड्रेनलिन, 10 अँप्युल’, म्हणजे काचेच्या दहा छोट्या कुप्या. आत डॉक्टर म्हणालेले असतात, ‘पेशंट सपोर्टवर आहे’. याचा नेमका अर्थ काय, हे विचारायला त्या घाईत कोणाला सुचत नाही. सपोर्ट म्हणजे इथे पडलेलं बीपी टिकवून धरायला सुरू ठेवलेलं हे इंजेक्शन. ते नीट समजावं म्हणून हे पत्रक. बिलासोबत घेऊन जा आणि वेटिंगमध्ये बसल्यावर सावकाश वाचा.

हे इंजेक्शन काय करतं

नॉरअ‍ॅड्रेनलिन आपल्या शरीरातही तयार होतं. मज्जातंतूंच्या टोकाशी ते निरोप्याचं काम करतं, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये दाखवून दिलं. 1970 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचाही वाटा होता.

द्राक्षबागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. प्रेशर तीन कारणांनी पडतं : टाकीत पाणी कमी, मोटर कमजोर, किंवा नळ्या सैल. शरीरातही तसंच. जुलाब-उलट्यांनी किंवा रक्तस्रावाने रक्ताचं प्रमाण घटतं, हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर पडतं आणि मोठ्या जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या सैल पडतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन मुख्यतः या सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. जंतुसंसर्गाने बीपी खचलं असेल, म्हणजे सेप्टिक शॉक असेल, तर जगभरचे डॉक्टर पहिलं औषध म्हणून हेच निवडतात.

पाणीच कमी असेल तर नुसत्या नळ्या आवळून भागत नाही. म्हणून आधी सलाइन भराभर देतात. सेप्टिक शॉकमध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 30 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 1.8 लिटर. बीपी फारच खाली असेल तर सलाइन संपायची वाट न बघता इंजेक्शन सोबतच सुरू करतात.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हे औषध मूळ आजार बरा करत नाही. अँटिबायोटिकला काम करायला, पू काढायला, रक्तस्राव थांबवायला लागणारा वेळ ते मिळवून देतं. म्हणून डॉक्टर भेटले की ‘बीपी किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘बीपी कशामुळे पडलं आणि त्यावर काय चाललंय?’ हेही विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पंपावरचा आकडा

नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात किंवा सुखावतात ते सिरिंज पंपावरचा (सिरिंज हळूहळू ढकलणाऱ्या यंत्रावरचा) आकडा बघून, आणि बऱ्याचदा विनाकारण. तो आकडा असतो तासाला किती मिली औषध जातंय याचा. त्या 50 मिलीच्या सिरिंजमध्ये औषध किती घातलंय, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

उदाहरण घ्या. पेशंट 60 किलोचा आहे. डॉक्टरांनी डोस ठरवला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम औषध असेल तर पंप चालेल तासाला 4.5 मिलीने. सिस्टरने पुढची सिरिंज 8 मिलिग्रॅमची भरली, ज्याला त्या ‘डबल स्ट्रेंथ’ म्हणतात, तर तोच डोस 2.25 वर जाईल. बाहेर बसलेला मुलगा म्हणतो, ‘निम्म्यावर आलं!’ प्रत्यक्षात डोस तसूभरही बदललेला नसतो. उलट बाजूनेही तसंच : साध्या सिरिंजवर परत आल्यावर आकडा दुप्पट दिसतो आणि घरी रडारड होते. डोस वाढला की कमी झाला, हे सिस्टरला सरळ विचारा. त्या सांगतात.

मॉनिटरवर बीपीच्या दोन आकड्यांशेजारी कंसात तिसरा आकडा असतो, जसं 92/54 (67). तो सरासरी दाब. बहुतेक पेशंटमध्ये तो 65 च्या आसपास किंवा वर ठेवायचा प्रयत्न असतो. वरचा आकडा 120 दिसत नाही म्हणून धीर सोडू नका.

‘काल दहा दिली, आज परत दहा?’

हा प्रश्न आम्हाला रोज येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या 2 मिलीच्या अँप्युलमध्ये 4 मिलिग्रॅम बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) असतं, म्हणजे प्रत्यक्ष नॉरअ‍ॅड्रेनलिन 2 मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणातली साधी, म्हणजे प्रत्यक्ष औषध 4 मिलिग्रॅम असलेली, सिरिंज भरायला दोन अँप्युल लागतात आणि ती साधारण 11 तास चालते. डोस 0.4 पर्यंत चढला तर तीच सिरिंज पावणेतीन तासांत संपते, आणि दिवसाला 17-18 अँप्युल लागतात. औषध ‘गायब’ होत नाही. रक्तात त्याचा अंमल जेमतेम काही मिनिटं टिकतो, म्हणून ते अखंड चालू ठेवावं लागतं. तरीही शंका असेल तर किती वापरली, किती शिल्लक आहेत, हे वॉर्डात विचारा. न उघडलेली अँप्युल बिलासह आम्ही त्याच दिवशी परत घेतो.

हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. पेशंट महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती असेल तर बाहेरून पैसे देऊन घेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. योजनेच्या पॅकेजमध्ये औषधंही येतात. आमची विक्री झाली नाही तरी चालेल, तुमचा खिसा उगाच रिकामा व्हायला नको.

गळ्याची लाइन कशासाठी

‘साध्या सुईतून का देत नाहीत?’ थोडा वेळ, कमी डोसमध्ये, हातावरच्या चांगल्या शिरेतूनही देतात. पण औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूच्या कातडीचा रक्तपुरवठाच आवळला जातो आणि तिथली कातडी मरू शकते. म्हणून बराच काळ द्यायचं असेल तर गळ्यातल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे एक बारीक नळी, टाकतात.

हातातून सुरू असताना तुम्ही भेटायला गेलात, तर सुईभोवती बघा. कातडी पांढरी पडलीय, गार लागतेय, फुगलीय किंवा पेशंट ‘आग होतेय’ म्हणतोय, असं काही दिसलं तर त्याच क्षणी सिस्टरला बोलवा. चोळू नका, काही लावू नका आणि पंपाला अजिबात हात लावू नका.

बोटं गार पडणं, निळसर होणं, ठोके अनियमित होणं, डोकं दुखणं हे परिणाम होऊ शकतात. डॉक्टर बोटं, लघवीचं प्रमाण आणि ठोके यांवर सतत लक्ष ठेवतात ते यासाठीच. डोस खूप जास्त आणि बरेच दिवस लागला तर बोटांना इजा होऊ शकते, हे आम्ही लपवत नाही.

डॉक्टरांना हे सांगाच

घरी सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन या. विशेषतः डिप्रेशनच्या किंवा जुन्या दुखण्यासाठी दिलेल्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या असतील, तर या इंजेक्शनचा जोर वाढू शकतो. दम्याचा त्रास असेल किंवा आधी कुठल्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल तेही सांगा. काही ब्रँडमध्ये औषध टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं आणि ते दम्याच्या थोड्या लोकांना बाधतं. बीपीच्या गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला, हे लक्षात असेल तर कागदावर लिहून द्या.

थांबवताना

इंजेक्शन एकदम बंद केलं तर बीपी परत कोसळतं. म्हणून ते थोडं थोडं उतरवतात, बीपी टिकतंय का बघतात, मग पुढची पायरी. कधी उतरवलेलं परत चढवावं लागतं. त्यात लगेच वाईट अर्थ काढू नका. मूळ आजार आटोक्यात आला की अनेक पेशंटचा सपोर्ट पूर्ण निघतो. ज्यांचा आजारच आवरत नाही, त्यांच्यात डोस वाढवत जाऊन, सोबत व्हॅसोप्रेसिनसारखं दुसरं औषध लावूनही बीपी राहत नाही. तशी वेळ आली तर डॉक्टरांना पुढचं स्पष्ट विचारा आणि घरातल्या कर्त्या माणसांना सोबत घेऊन ऐका.

घरी ‘लो बीपी’ असणाऱ्यांसाठी

‘चक्कर येते, बीपी वाढवायचं इंजेक्शन द्या’ असं म्हणत येणाऱ्यांना आम्ही नकार देतो, रागावू नका. काही त्रास नसताना 90/60 असणं अनेक सडपातळ माणसांत नेहमीचंच असतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना उन्हाळ्यात जुलाब लागून चक्कर आली, तर आडवं झोपवा, पाय उंच करा आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना फोन करा. गार घाम, असंबद्ध बोलणं, लघवी बंद, थंडी वाजून ताप, छातीत दुखणं किंवा काळी शौच यांपैकी काही असेल तर थेट 108 ला फोन.

आणि जिमला जाणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना कळकळीची विनंती. मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन भूल दिल्यावर, उदाहरणार्थ सिझेरियनच्या वेळी, पडलेलं बीपी सावरायला डॉक्टर वापरतात. काही मुलं ते व्यायामात जोर यावा म्हणून टोचून घेतात. धडधड, बीपीचा भडका, झोप उडणं, संशयी वागणं, व्यसन, आणि एकच सुई अनेकांनी वापरल्याने कावीळ किंवा एचआयव्ही, इतकं सगळं त्यातून होऊ शकतं. खेळाडूंना तर ते उत्तेजक म्हणून बंदच आहे. घरात अशी बाटली सापडली तर आरडाओरडा करण्याआधी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते आमच्याकडे मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी.

नेताना

नॉरअ‍ॅड्रेनलिन 25 अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. खोक्यातच राहू द्या. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बर्फातही घालू नका. व्हॅसोप्रेसिनच्या काही ब्रँडना मात्र फ्रीज लागतो. ते आम्ही थंड पिशवीत देतो, थेट वॉर्डातल्या सिस्टरच्या हाती द्या. अँप्युलमधलं औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर ते वापरायचं नाही, आमच्याकडे आणा, बदलून देऊ. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, औषधाची ताकद आणि डॉक्टरांची सही आहे ना, एवढं निघण्यापूर्वी बघा, म्हणजे रात्री दोन वाजता तुमचा जिना परत चढायचा वाचेल.