क्रिम्पवालं ब्रास वाया गेलेलं नसते भाऊ

"मिलिटरी रायफलच्या ब्रासवर (झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी केसवर) प्रायमरभोवती (बुडाशी बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती) गोल ठसा दिसला की ते पुन्हा भरता येत नाही", हा मेसेज आपल्या नागपूरच्या शूटिंगवाल्यांत कितीक वर्षं फिरून राहिला, तर्री पोहे खाता खाता मीही तो खरा मानला होता.

तो ठसा म्हणजे क्रिम्प. ऑटोमॅटिक बंदुकीत दणक्यानं प्रायमर मागे सरकून निघू नये म्हणून पॉकेटच्या, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळगीच्या, काठाचं पितळ आत दाबलेलं असते, बस. जुना प्रायमर काढला तरी ती कडा तशीच राहते, मग नवीन अडकतो नाहीतर वाकडा बसतो अन् वाटते केसच खराब. ती कडा रीमरनं कापतात किंवा स्वेजरनं दाबून मागे सारतात, फक्त जास्त कापलं तर पॉकेट ढिलं होते, तशी केस खरंच भंगारात टाका.

खरी अडचण वेगळीच. रिकाम्या केसच्या तोंडातून टॉर्च मारून पाहून घ्या, तळाला मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर जातीची केस, दोन बारीक भोकं म्हणजे बर्डन, अन् बर्डनचा प्रायमर साध्या डिकॅपिंग पिननं (जुना प्रायमर ढकलून काढायच्या सुईनं) निघत नाही. क्रिम्प दोन्हीत असू शकते.

लायसन्सशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, ते तर आहेच.