स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांचे बालशिक्षण (मुंबई परिसर)

शेतीचा हंगाम संपल्यावर पोटासाठी मुंबई आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात येणाऱ्या शेतमजूर कुटुंबांतील सहा वर्षांखालील मुलांची देखभाल, पोषण व शिक्षण यांसाठी चालणारे उपक्रम आणि त्यांचा अभ्यास. भातकापणी आणि झोडणी उरकून दिवाळी झाली, की जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतली कातकरी, वारली, कोकणा ही आदिवासी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन निघतात. काही भिवंडी, वाडा, वसई, शहापूरकडच्या वीटभट्ट्या गाठतात, काही मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या बांधकामांवर जातात. पावसाळ्यापूर्वी परततात. मराठवाड्यातले कोरडवाहू शेतकरी, कलबुर्गीकडचे लमाणी आणि तेलंगणातल्या महबूबनगरचे मजूरही याच बांधकामांवर भेटतात. यांतले बरेच जण मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आलेले असतात. ती फिटेपर्यंत हलता येत नाही आणि नवराबायको दोघांनाही राबावे लागते. मग तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, इथून या विषयाची सुरुवात होते.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार आधी शोधले गेले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. शहरी मध्यमवर्गातले हे काम मागे ठेवून त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी घडली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कोसबाडची विकासवाडी मात्र याहून महत्त्वाची ठरते. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली होती. थोरली बहीण शाळेत बसायची तर कडेवरच्या भावंडाला आधी जागा हवी, हे या दोघींनी ओळखले होते. मजुरांच्या मुलांसाठी पुढे जे जे टिकले, त्याच्या मुळाशी ही ओळख दिसते.

मुंबईतल्या बांधकामांवर हे सूत्र मोबाइल क्रेशेस या पाळणाघरे चालवणाऱ्या संस्थेने आणले. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, मजूर बायांची मुले उन्हात आणि धुळीत पडलेली पाहून तंबूत पहिले पाळणाघर उघडले. १९७२ मध्ये हे काम मुंबईत आले आणि २००७ पासून मुंबई मोबाइल क्रेशेस ही स्वतंत्र संस्था ते चालवते. बिल्डरने साइटवर खोली, पाणी आणि वीज द्यायची, संस्थेने ताई नेमून केंद्र चालवायचे, अशी ही व्यवस्था आहे. तान्ह्यांचा पाळणा, तीन ते सहा वयाची बालवाडी आणि मोठ्यांना महापालिकेच्या शाळेत घालण्याची तयारी, असे तीन गट असतात. आईला मध्येच येऊन अंगावर पाजता येते. केंद्र तिच्या कामाच्या वेळेइतके चालते, आणि याच गोष्टीमुळे ते काही तासांच्या अंगणवाडीपेक्षा तिच्या उपयोगी पडते. इमारत पूर्ण झाली की केंद्र बंद होते आणि मुले पुढच्या साइटवर पांगतात. त्यामुळे वर्षभराचा अभ्यासक्रम इथे चालत नाही. मूल कोणत्याही दिवशी येऊन मिसळेल आणि न सांगता जाईल, हे धरूनच ताईला आखणी करावी लागते. एकाच खोलीत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, बंगाली ऐकू येते. अशा ठिकाणी गाणी, हातखेळ आणि चित्रे हेच शिकवण्याचे मुख्य साधन असते.

वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात १९९०च्या दशकात भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच भरणाऱ्या शाळा, चालवल्या. ऊसतोड टोळ्यांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. दोन्हींचा भर सहा वर्षांपुढील मुलांवर होता. स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलेले शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृहे या शासकीय सोयींचेही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हक्क दिला, त्याखालच्या मुलांसाठी शासनाला व्यवस्था 'करता येईल' इतकेच म्हटले. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते ती वर्षे अशा रीतीने कायद्याच्या बाहेर राहिली, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव मानायला हवी.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देण्याची अट घातली. पण एकाच साइटवरचे मजूर अनेक उपकंत्राटदारांत वाटलेले असतात आणि कोणाच्याच हजेरीपटावर पन्नास बाया भरत नाहीत. शिवाय बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो नाक्यावर रोज वेगळ्या मालकाकडे जाणाऱ्या बाईने कोणाकडे मागायचा?

या मुलांचा अभ्यास करताना पहिली अडचण येते मोजणीची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७–०८) एक महिना ते सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित धरले होते. दिवाळीनंतर निघून मे-जूनला परतणारे भट्टी कामगार या निकषाच्या काठावर पडतात. गावच्या अंगणवाडीच्या पटावर मूल असते, पण त्याचा आहार घ्यायला ते तिथे नसते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत ते प्रत्यक्ष असते, पण तिच्या पटावर नसते. २०२२ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतराचा मागोवा घेणारी संगणकीय व्यवस्था आणली ती हीच फट बुजवण्यासाठी. अभ्यासकाला मात्र दोन्ही टोकांना जावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत भट्टी आणि साइटवर मुलांची यादी करायची आणि पावसाळ्यात मूळ पाड्यावर तीच मुले शोधायची. एकाच टोकाला पाहिले तर पोषणातली घट गावातली की भट्टीवरची हे सांगता येत नाही. प्रश्न आईबरोबरच थोरल्या बहिणीलाही विचारावेत, कारण दिवसभर मूल तिच्याकडे असते.