सहा महिने कुठून आले? जर्मनीत भारतीय लायसन्स चालण्या-न चालण्याची पार्श्वभूमी

भारतीय लायसन्सवर जर्मनीत किती दिवस गाडी चालवता येते, या प्रश्नाला पुण्याहून म्युनिक-स्टुटगार्टला गेलेल्या मंडळींत दोन उत्तरे ऐकू येतात. कुणी सहा महिने सांगतो, कुणी छातीठोकपणे एक वर्ष. कायद्याचे उत्तर सहा महिने आहे आणि ते तिथे राहायला गेल्यापासून मोजायचे असतात. एक वर्ष हे उत्तरही कुणी हवेतून काढलेले नाही. ते एका आंतरराष्ट्रीय करारात आहे; मात्र त्या करारात जर्मनी कधी सामीलच झालेली नाही.

या विषयावरचा पहिला करार पॅरिसमध्ये ११ ऑक्टोबर १९०९ रोजी झाला आणि दुसराही तिथेच, १९२६ मध्ये. तेव्हा डोळ्यांसमोर होता तो स्वतःची मोटार घेऊन सीमा ओलांडणारा आणि परत घरी जाणारा हौशी प्रवासी. नोकरीसाठी बिऱ्हाड हलवणारा माणूस त्या मसुद्यांत नव्हताच. १९ सप्टेंबर १९४९ च्या जिनिव्हा करारात तो चोरपावलांनी शिरला. दुसऱ्या सदस्य देशाचे लायसन्स पुन्हा परीक्षा न घेता मान्य करावे, असे हा करार सांगतो आणि लगेच पळवाटही ठेवतो: सलग एक वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेल्या चालकाला ही सवलत देण्याचे बंधन नाही. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सला मिळणारे बारा महिने याच मापाचे आहेत. लंडनचा मावसभाऊ जे सांगतो ते लंडनपुरते खरे असते, ते त्यामुळेच.

व्हिएन्नाचा ८ नोव्हेंबर १९६८ चा करार जास्त कडक आहे. त्याचे ४१ वे कलम म्हणते, की लायसन्स मिळाल्यानंतर ज्याने आपले नेहमीचे वास्तव्य दुसऱ्या देशात हलवले, त्याचे लायसन्स मान्य करणे त्या देशाला बंधनकारक नाही. एक दिवससुद्धा नाही. जर्मनी या कराराची सदस्य आहे. म्हणजे सहा महिने ही जर्मनीने एका वर्षाला लावलेली कात्री नाही. करारानुसार काहीच देणे नसताना स्वतःच्या नियमांतून दिलेली मुदत आहे. 'एक वर्षाचा हक्क हिरावला' अशी तक्रार करणाऱ्यांनी ४१ वे कलम एकदा वाचावे.

गोंधळात भर घालते ती आपल्या आरटीओत मिळणारी आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका. भारत १९४९ च्या करारात १९६२ मध्ये आला आणि १९६८ च्या करारात १९८० मध्ये. पण पुस्तिका आजही १९४९ च्याच नमुन्याची निघते. ती एक वर्ष चालते. मुखपृष्ठावर ही मुदत दिसली, की माणूस तोच गाडी चालवण्याचा कालावधी धरून बसतो. खरे तर ही पुस्तिका म्हणजे मूळ लायसन्सचे ठरावीक साच्यातले भाषांतर. मूळ कार्ड खिशात नसेल तर तिला किंमत नाही आणि तिच्यामुळे सहा महिन्यांचे सात होत नाहीत. ऑगस्ट २०२२ पर्यंत तर राज्याराज्यांत तिचा रंग, आकार आणि मांडणी वेगवेगळी होती. परदेशी पोलीस ती उलटसुलट करून बघत आणि शंका घेत. त्या महिन्यात केंद्राने देशभर एकच नमुना ठरवला, मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड घातला आणि वाहनवर्गांचा तुलनात्मक तक्ता छापला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये, परदेशात असताना पुस्तिका संपली तर भारतीय वकिलातीमार्फत नवी मागवण्याची सोय झाली. शुल्क २०१६ च्या अखेरच्या दरवाढीत १,००० रुपये झाले. निघण्यापूर्वी ती काढून घ्यावी हे बरे, कारण पहिल्या सहा महिन्यांत भाषांतराचे काम ती भागवते. फक्त तिच्यावर ओझे तेवढेच टाकावे.

आता खरी गुंतागुंत, म्हणजे १८५ दिवस. जर्मन नियमावलीनुसार वैयक्तिक आणि व्यावसायिक संबंधांमुळे जो माणूस वर्षातले किमान १८५ दिवस जिथे राहतो, ते त्याचे नेहमीचे वास्तव्य. हे माप वाहन चालवण्याच्या कौशल्यासाठी शोधलेले नाही. ते १९८३ च्या युरोपीय करविषयक निर्देशातून आले आहे. दुसऱ्या देशातून तात्पुरती आणलेली गाडी करमुक्त ठेवायची, तर तिचा मालक नक्की कुठला रहिवासी, हे ठरवण्यासाठी ते बांधलेले होते. १९९१ च्या लायसन्सविषयक निर्देशाने तीच व्याख्या उचलली आणि १ जानेवारी १९९९ पासून लागू झालेल्या जर्मन नियमावलीतही ती आली.

वाचणारे तिचा अर्थ नेमका उलटा लावतात. 'आधी १८५ दिवस राहायचे, मग वास्तव्य सुरू, मग त्यापुढे सहा महिने' असे गणित मांडून काही जण वर्षभर बिनधास्त गाडी हाकतात. १८५ दिवस हा वास्तव्य ओळखण्याचा निकष आहे, सवलतीचा काळ नव्हे. तीन वर्षांचा करार हातात घेऊन कुणी आले, घर भाड्याने घेतले आणि १ मार्चला पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, केली, तर घड्याळ मार्चमध्येच सुरू होते आणि ऑगस्टअखेर थांबते. मध्ये तीन आठवडे सुट्टीवर पुण्याला जाऊन आल्याने ते थांबत नाही की पुन्हा शून्यावर येत नाही. पासपोर्टवरच्या नव्या शिक्क्याने नवी मुदत मिळते हा समज पर्यटकांच्या बाबतीत चालून जातो, रहिवाशाच्या नाही. उलट चार महिन्यांच्या प्रकल्पासाठी आलेल्या आणि पुण्यातले घर चालू ठेवलेल्या माणसाचे वास्तव्य जर्मनीत गेलेलेच नसते.

वादाची जागा या दोन टोकांच्या मधली आहे. कंपनीने दीड वर्षासाठी पाठवले, बायको-मुले कोथरूडला, स्वतः दर तीन महिन्यांनी घरी. वैयक्तिक धागे एका देशात आणि नोकरीचे दुसऱ्यात, असे असेल तर वैयक्तिक धाग्यांना वजन द्यावे, असे युरोपीय निर्देश सांगतो. पण ते वाक्य दोन किंवा अधिक सदस्य देशांत राहणाऱ्यांसाठी, म्हणजे सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्या युरोपीय माणसासाठी लिहिलेले आहे. कोथरूड त्या चौकटीत बसत नाही. लायसन्स देणारी जर्मन कार्यालये अशा वेळी पत्त्याच्या नोंदीची तारीखच धरतात आणि तिच्याविरुद्ध पुरावा देण्याचे ओझे अर्जदारावर येते. 'कुटुंब भारतात आहे' या आधारावर गाडी चालवणे म्हणूनच जोखमीचे. ज्यांचा मुक्काम एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त होणार नाही, त्यांच्यासाठी नियमातच रीतसर वाट आहे: कराराची प्रत जोडून कार्यालयाकडे अर्ज केला तर मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढते. मात्र हा अर्ज पहिले सहा महिने संपायच्या आत करावा, आणि हातातला करारच दोन वर्षांचा असेल तर त्यात वेळ घालवू नये.

मुदत उलटल्यावर गाडी चालवणे हा तिथे साधा दंडाचा मामला नाही. लायसन्सशिवाय वाहन चालवल्याचा तो फौजदारी गुन्हा ठरतो. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. ज्याने आपली गाडी चालवायला दिली तो मालकही त्यात येतो, म्हणून सहकाऱ्याकडे किल्ली मागण्यापूर्वी विचार करावा. अपघात झाला तर समोरच्याला भरपाई विमा कंपनी देते, पण ५,००० युरोपर्यंतची रक्कम ती चालकाकडून वसूल करू शकते.

एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. सहा महिने संपले की गाडी चालवायचा हक्क संपतो, लायसन्स बदलून घेण्याचा नाही. नियमाची भाषा 'ज्या परवान्याने इथे वाहन चालवता येते किंवा येत होते' अशी आहे.

बदलून घेताना कुणाला परीक्षा माफ, हे जर्मन नियमावलीच्या एका परिशिष्टावरून ठरते. त्यात जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आहेत. अमेरिकेची काही राज्ये पूर्ण माफीत आहेत, काहींना लेखी परीक्षा द्यावी लागते, तर काही यादीतच नाहीत. भारत नाही. 'आपण डावीकडून चालवतो म्हणून' हे कारण टिकत नाही. वरच्या पहिल्या पाचपैकी चार देशांत वाहतूक डावीकडूनच चालते. यादीत रस्ता-सुरक्षेइतकाच देवाणघेवाणीचा हिशेब असतो. त्यातली गंमत अशी, की आपल्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये परदेशातले वैध लायसन्स असलेल्याला वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे. भारताने आपल्या बाजूचे दार उघडे ठेवले आहे आणि त्याच्या बदल्यात काही मागून घेतलेले दिसत नाही.

यादीबाहेरच्यांना लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पण नवशिक्याला सक्तीचे असलेले प्रशिक्षण लागत नाही. थिअरीचे १४ दुहेरी तास आणि १२ विशेष फेऱ्या, म्हणजे गावाबाहेरच्या ५, ऑटोबानच्या, म्हणजे द्रुतगती महामार्गाच्या, ४ आणि रात्रीच्या ३, यांतून सुटका होते. ड्रायव्हिंग स्कूल मात्र टळत नाही, कारण परीक्षा त्यांच्याच दुहेरी पेडलच्या गाडीत आणि प्रशिक्षक शेजारी असतानाच होते. सक्ती नसलेले तास गळ्यात मारणाऱ्या शाळा आहेत, म्हणून नाव घालताना 'परदेशी लायसन्सचे रूपांतर' हे आधीच स्पष्ट करावे. तरी पाच-सहा तास घ्यावेतच.

अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, ४५ मिनिटांचे ९ तास चालणारा प्रथमोपचार वर्ग, बायोमेट्रिक फोटो, पत्त्याची नोंद, मूळ लायसन्स आणि त्याचे भाषांतर लागते. पुरावा मूळ लायसन्सचाच लागतो. आंतरराष्ट्रीय पुस्तिका इथे चालत नाही. लायसन्स अजून वैध आहे असे लिहूनही द्यावे लागते. लेखी परीक्षा जर्मनशिवाय इंग्रजीसह १२ परकीय भाषांत देता येते. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. प्रश्न ३०, चूक १० गुणांपर्यंत चालते. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर एकूण १० च होत असूनही नापास. लेखी पास झाल्यावर १२ महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा द्यायची. ती २०२१ पासून ५५ मिनिटांची झाली आहे आणि परीक्षकाच्या सूचना जर्मनमध्ये असतात, तेव्हा निदान डावे-उजवे, पुढचा चौक, गाडी उभी करा एवढे कानाला सवयीचे हवे.

दहा वर्षे चालवलेला माणूस पहिल्या फेरीत पडतो तो सवयींमुळे. ताशी तीस किलोमीटरची मर्यादा असलेल्या वस्तीत खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. आपला माणूस हमरस्ता समजून सरळ जातो. वळताना आरशावर भिस्त ठेवून खांद्यावरून मागे बघत नाही आणि नेमका तिथून सायकलवाला येतो. थांबा पाटीपाशी चाक पूर्ण थांबवण्याऐवजी गाडी सरकत ठेवतो. प्रशिक्षकाचा पाय ब्रेकवर गेला की परीक्षा तिथेच संपली.

कार्डाकडेही नीट बघून ठेवावे. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर 'एमएच १२' सारख्या क्रमांकासोबत दिलेली तारीख असते, तशी प्रत्येक वाहनवर्गापुढे, म्हणजे एलएमव्ही (हलके मोटार वाहन) किंवा एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटारसायकल) यांच्यापुढेही, वेगळी तारीख असते. कार्यालयाला हवी असते ती एलएमव्हीची पहिली तारीख. जर्मनीत राहायला आल्यानंतर सुट्टीत जाऊन काढलेले लायसन्स तिथे मान्य होत नाही, आणि शिकाऊ लायसन्स तर मुळातच नाही. नूतनीकरणानंतर नव्याच तारखेचे कार्ड हातात आले असेल तर जुने लायसन्स मिळवल्याचा पुरावा आरटीओकडून घेऊन भाषांतराला जोडावा. नाहीतर संशय येतो. हीच पहिली तारीख आणखी एका कामाला येते. नव्या चालकाला दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ असतो. त्यात भारतीय लायसन्सचा काळ मोजून वजा केला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीतल्यांना लायसन्स दहा वर्षांचेच मिळते, त्यामुळे परदेशी असताना ते संपण्याचे प्रमाण वाढणार. मुदत जवळ आली असेल तर निघण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्यावे.

जर्मन लायसन्स हाती येते ते भारतीय कार्ड देऊन. सबळ कारण असेल तर कार्ड काढून न घेण्याची मुभा कार्यालयाला आहे, पण ती मागावी लागते. कार्ड देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवावी. नंतर सुट्टीत भारतात गाडी चालवायची असेल तर जर्मन लायसन्ससोबत तिथली आंतरराष्ट्रीय पुस्तिका घ्यावी. ती १९६८ च्या नमुन्याची असते आणि तीन वर्षे चालते.