‘पिंक फ्लॅग’: गाणी 21 की 23?

‘पिंक फ्लॅग’ या वायर नावाच्या ब्रिटिश पंक बँडच्या पहिल्या अल्बमची जुनी सीडी हातात आली की आधी गाणी मोजावीत. 21 भरली तर ती मूळ यादी. 22 किंवा 23 भरली, तर शेवटी कुणीतरी भर घातली आहे. या अल्बमच्या आवृत्त्यांवरून जो वाद होतो, तो या भर घातलेल्या एकदोन गाण्यांचाच.

मूळ एलपी, म्हणजे दोन बाजूंची मोठी तबकडी, नोव्हेंबर 1977 ची, ध्वनिमुद्रण लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत झालेले. पहिल्या बाजूला 10 गाणी, दुसऱ्या बाजूला 11, सगळी मिळून जेमतेम 36 मिनिटे. शब्द संपले की गाणे थांबवायचे, हा बँडचा शिरस्ता. त्यामुळे ‘फील्ड डे फॉर द संडेज’ 28 सेकंदांत आटोपते. मुखपृष्ठावरचा ध्वजस्तंभ इंग्लंडमधल्या प्लिमथ शहराच्या ‘हो’ या समुद्राकाठच्या मैदानावरचा आहे. झेंडा मात्र छायाचित्रावर नंतर रंगवलेला.

भर पडली ती ‘डॉट डॅश’ आणि ‘ऑप्शन्स आर’ या गाण्यांची. जुन्या सीडींपैकी काहींवर यातले एकच सापडते, काहींवर दोन्ही. त्यांना ‘बोनस ट्रॅक’ म्हणतात आणि गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो. बोनस म्हटले की त्याच सत्रात ध्वनिमुद्रित होऊन जागेअभावी राहून गेलेले गाणे, असा समज होतो. तसे इथे नाही. ही जोडी जून 1978 च्या सिंगलची, म्हणजे दोनच गाण्यांच्या छोट्या तबकडीची, अल्बमनंतर सात महिन्यांनी आलेली. त्याच सप्टेंबरात दुसरा अल्बम आला आणि त्यातही हिला जागा मिळाली नाही. दोन अल्बमांच्या मधली ही स्वतंत्र तबकडी आहे.

मग ती पहिल्या अल्बमला का चिकटली? सीडीवर 74 मिनिटे मावतात, इथे निम्मीसुद्धा भरत नव्हती. एलपी आधीच घरी असलेल्या माणसाने तेच संगीत पुन्हा विकत घ्यावे, तर हातात काहीतरी जास्त पडायला हवे. हिशेब एवढाच होता.

त्याने बिघडते काय, हे शेवट ऐकला की कळते. ‘12एक्सयू’ हे शेवटचे गाणे दोन मिनिटांच्या आत तुटल्यासारखे थांबते. एलपीवर त्यानंतर सुई रिकाम्या खोबणीत फिरत राहते आणि आधीची 20 गाणी त्या शांततेत डोक्यात घुमत राहतात. दोन्ही बोनस असलेल्या सीडीवर तेवढी उसंतच नाही. काही सेकंदांत ‘डॉट डॅश’ची गोड चाल सुरू होते आणि शेवट, शेवट राहत नाही.

2006 मध्ये बँडने स्वतः रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेली, आवृत्ती काढली, तेव्हा ही गाणी गाळली. मूळ कृतीची संकल्पना भर घातल्याने धूसर होते, असे कारण दिले. ज्यांना ती दोन गाणी हवी होती त्यांची गैरसोय झाली, पण निर्णय योग्यच होता. हट्टही जुनाच. 1987 च्या अमेरिका दौऱ्यात बँड जुनी गाणी वाजवायला तयार नव्हता, म्हणून हा अख्खा अल्बम वाजवणारा दुसराच बँड आधी मंचावर यायचा.

2018 च्या विशेष आवृत्तीत खरी वाट सापडली. पुस्तकाच्या बांधणीत दोन सीडी, पहिलीवर 21 गाणी जशीच्या तशी, डेमो, म्हणजे आधीची कच्ची ध्वनिमुद्रणे, दुसरीवर.

जुन्या सीडीवरून फाइली करून घेताना एक चूक हमखास होते. सगळ्याच गाण्यांना 1977 साल लागते. 21 नंतरची गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून त्यांना 1978 द्यावे. आणि बाजू पालटण्याची जागा 2006 च्या सीडीवरही परत आलेली नाही. दहावे गाणे, म्हणजे अल्बमच्याच नावाचे ‘पिंक फ्लॅग’, कोसळत संपते आणि लगेच ‘द कमर्शियल’ हा 49 सेकंदांचा वाद्यतुकडा लागतो. तिथे पॉज दाबावा, एलपी उलटायला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यावा आणि मगच पुढे ऐकावे.