रेडिओचा नकाशा वाचताना

हॅम रेडिओवाला, म्हणजे छंद म्हणून परवाना घेऊन रेडिओ वापरणारा माणूस, अँटेनातून एक सिग्नल सोडतो आणि काही मिनिटांत इंटरनेटवरच्या नकाशावर ठिपके उमटायला लागतात, जपानमध्ये ऐकू आला, फिनलंडमध्ये आला, ब्राझीलमध्ये पण आला. ज्यांच्याकडे ऐकू आला त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं, कारण त्यांचा कॉम्प्युटर परस्पर सिग्नल पकडून, डीकोड करून, रिपोर्ट पाठवून मोकळा झालेला असतो. पूर्वी आपला आवाज कुठवर गेला हे कळायला पोस्टाने क्यूएसएल कार्ड (सिग्नल ऐकल्याची पावती) यायची वाट बघावी लागायची, त्यात आठवडे जायचे, कधी महिने.

हे सगळं शक्य होतं ते आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांमुळे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वरच्या विरळ हवेतले अणू-रेणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह लहरी तिथून वाकून परत जमिनीकडे येतात. मुख्य काम २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा एफ थर करतो, एका उडीत ३,००० किलोमीटरच्या पुढे सुद्धा पोचवतो. खाली ६० ते ९० किलोमीटरवर डी थर असतो, तो मात्र दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो आणि सूर्य मावळला की विरतो, म्हणून ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झचे बँड (हॅम लोकांचे फ्रिक्वेन्सीचे पट्टे) रात्री लांबवर जातात आणि २१, २८ वाले दिवसा. एफ थर ज्याच्यावरच्या लहरी परत पाठवू शकत नाही, त्या मर्यादेला एमयूएफ (वापरता येणारी सगळ्यात जास्त फ्रिक्वेन्सी) म्हणतात, आणि ती तासातासाला, जागेजागेला बदलते. नकाशावर आपण बघतो ते याच बदलाचे परिणाम.

तीन नकाशे जास्त वापरले जातात. पीएसके रिपोर्टरवर एफटी८ सारख्या डिजिटल मोडचे, म्हणजे कॉम्प्युटरने पाठवलेल्या आणि वाचलेल्या संदेशांचे, रिपोर्ट येतात. रिव्हर्स बीकन नेटवर्कवर मुख्यतः मोर्स, आणि तिथे तर काही सेकंदांत स्पॉट, म्हणजे कोणी कोणाला ऐकलं त्याची नोंद, दिसतो. तिसरा डब्ल्यूएसपीआर, ज्याला सगळे व्हिस्परच म्हणतात, आणि माझ्या मते प्रोपगेशन, म्हणजे लहरी कशा आणि कुठवर जातात ते, समजून घ्यायचं असेल तर याच्याइतकं चांगलं साधन नाही. व्हिस्पर बनवला जो टेलर यांनी २००८ मध्ये. हे तेच टेलर, ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्याबरोबर जोड-पल्सारच्या (दुसऱ्या ताऱ्याबरोबर फिरणारा, रेडिओ ठोके देणारा तारा) शोधासाठी मिळालं. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल बाहेर काढायची कला त्यांनी आकाशातल्या ताऱ्यांसाठी वापरली आणि मग हॅम लोकांच्या हातात दिली, मला याचं फार कौतुक वाटतं.

व्हिस्परमध्ये गप्पा नसतात. सम मिनिटाला सुरू होणारं साधारण ११० सेकंदांचं प्रसारण, फक्त ६ हर्ट्झ रुंद, आणि त्यात तीनच गोष्टी: कॉलसाईन (स्टेशनचं ओळखनाव), ग्रिड लोकेटर (जागेचा सांकेतिक पत्ता) आणि पॉवर. २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा सिग्नल सुमारे ६०० पट कमी असला तरी डीकोड होतो, त्यामुळे एका वॅटच्या पाचव्या भागात दुसऱ्या खंडात पोचणं नेहमीचं आहे. सौर पेशीवर चालणारे छोटे फुगे तर १० मिलीवॅटच्या आसपास व्हिस्पर पाठवत पृथ्वीला फेऱ्या मारतात आणि आपण नकाशावर त्यांचा मार्ग बघू शकतो. पॉवर संदेशातच असल्यामुळे आजचा स्पॉट कालच्याशी नीट ताडून बघता येतो. एफटी८ मध्ये समोरचा ५ वॅटवर आहे की ५०० वर ते कळत नाही, म्हणून तिथल्या सिग्नलच्या जोराच्या, म्हणजे डेसिबलच्या, आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

आता नकाशा वाचायचा कसा. पहिलं काय दिसतं तर आपल्या अगदी जवळचे लोक ऐकतात, मग शेकडो किलोमीटर कोणीच नाही, आणि त्यापुढे एकदम ठिपक्यांची गर्दी. मधला पट्टा म्हणजे स्किप झोन, जमिनीवरून जाणारी लहर संपली आणि आकाशातून येणारी अजून उतरली नाही अशी जागा. हा पट्टा आकसायला लागला तर वर इलेक्ट्रॉनची दाटी वाढतेय, पसरायला लागला तर कमी होतेय.

२८ मेगाहर्ट्झवर अचानक ५००-८०० किलोमीटरवरचे स्पॉट यायला लागले तर कान टवकारायचे. एवढ्या जवळ ते एफ थराकडून सहसा येत नाहीत, ती करामत स्पोरॅडिक ई ची, म्हणजे साधारण १०० किलोमीटर उंचीवर उल्कांनी मागे सोडलेले धातूंचे आयन वाऱ्यांच्या दाबाने पातळ थरात एकवटतात त्याची. उडी जितकी आखूड तितका थर दाट, मग अनुभवी मंडळी लगेच ५० मेगाहर्ट्झ ऐकायला जातात आणि बऱ्याचदा तिथे बँड ओपन झालेला, म्हणजे लांबचे सिग्नल यायला लागलेले, सापडतो. ही मजा मुख्यतः उन्हाळ्याची, आणि कधी कधी दहा मिनिटांत संपणारी.

सपाट नकाशा दिशांच्या बाबतीत मात्र फसवतो. टोकियो ते लंडन ही रेघ मनात आपण मध्य आशियातून ओढतो पण गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग सायबेरियावरून, आर्क्टिकच्या कडेने जातो. म्हणून भूचुंबकीय वादळ आलं की असे उत्तरेचे मार्ग आधी पडतात आणि विषुववृत्त ओलांडणारे दक्षिण-उत्तर मार्ग त्यामानाने टिकतात. मे २०२४ मध्ये २००३ नंतरचं पहिलं जी५, म्हणजे सगळ्यात तीव्र दर्जाचं वादळ आलं तेव्हा शॉर्टवेव्ह संपर्काचे हाल झाले होते. सौरज्वाळेचं वेगळं, तिचे क्ष-किरण ८ मिनिटांत पोचतात आणि फक्त दिवसाच्या बाजूचा डी थर फुगवतात, त्यामुळे अर्ध्या नकाशावरचे ठिपके गळून पडतात, कमी फ्रिक्वेन्सीचे जास्त, आणि रात्रीची बाजू मात्र जशीच्या तशी.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नकाशावरच्या रिकाम्या जागांबद्दल. युरोप आणि अमेरिका ठिपक्यांनी भरलेले, आफ्रिकेचा बराच भाग कोरा, समुद्र कोरे. याचा अर्थ सिग्नल तिथे पोचला नाही असा घेतात लोक, आणि तो चूक आहे. नकाशा सिग्नल कुठे उतरला ते दाखवत नाही, जिथे उतरला तिथे कोणी रिसिव्हर चालू ठेवला होता का, तेवढंच दाखवतो. शनिवार-रविवारी ठिपके वाढतात ते लोक घरी असतात म्हणून. शिवाय मार्ग दोन्ही बाजूंनी साधारण सारखाच असला तरी तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा गोंगाट असेल तर तुम्हाला पन्नास जण ऐकतील आणि तुम्हाला पाचच ऐकू येतील. तेव्हा ठिपका असणं हा पुरावा धरावा, नसणं हा धरू नये, आणि 'बँड बंद आहे' म्हणायच्या आधी त्याच जागेचा रिसिव्हर दुसऱ्या कोणाला ऐकतोय का ते बघावं.

या डेटावर जास्तीचा भार टाकायचा मोह पण होतो. २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच३७० विमानाचा मार्ग जुन्या व्हिस्पर नोंदींमधून काढता येतो असा दावा काही वर्षं चालू आहे. खुद्द टेलर यांनी तो फेटाळला आहे. हजारो किलोमीटरवरच्या विमानावरून परतलेला अंश इतका क्षीण असतो आणि आयनांबराचे स्वतःचे चढउतार इतके मोठे असतात, की मला तरी त्यांचंच म्हणणं पटतं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यासाठी तर अशी आशा दाखवणं फार गंभीर गोष्ट आहे.

नीट वापरला तर हाच डेटा खरं विज्ञान करतो. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हॅमसाय नावाच्या हॅम आणि शास्त्रज्ञांच्या गटाने हौशी लोकांना मुद्दाम बँडवर यायला सांगितलं. ग्रहणाची सावली ओरेगॉनपासून साउथ कॅरोलिनापर्यंत सरकली तशी भरदिवसा थोड्या वेळाची रात्र झाल्यासारखे बँड वागले, खालच्या बँडांवर लांबचे स्पॉट वाढले आणि १४ मेगाहर्ट्झवर कमी झाले. त्यावर २०१८ मध्ये शोधनिबंध आला, आणि तो उभा राहिला तो घराघरांतल्या रिसिव्हरांच्या जोरावर.

बघायला लायसन्स लागत नाही. पीएसके रिपोर्टर उघडा, १४ मेगाहर्ट्झ निवडा, वेळ शेवटची १५ मिनिटं ठेवा, कॉलसाईनच्या ऐवजी एखादा ग्रिड घाला आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास असं बघत राहा, मग तेच ७ मेगाहर्ट्झवर. नुसता नकाशा बघून कंटाळा आला तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रिसिव्हर) ब्राउझरमध्ये लावून तोच बँड कानांनी ऐका, दिसतंय आणि ऐकू येतंय यातला फरक कळायला लागतो.

आणि २ ऑगस्ट २०२७ ची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी खग्रास ग्रहणाची सावली दक्षिण स्पेनवरून उत्तर आफ्रिकेत शिरेल आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहील. स्पेनकडच्या बाजूला नोंदी भरपूर होतील. उत्तर आफ्रिकेत मात्र रिसिव्हर तुरळक आहेत, त्यामुळे तिथे कोणाची ओळख असेल तर आत्तापासून विचारा, एक साधा एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा रिसिव्हर), थोडी तार आणि इंटरनेट एवढ्यावर व्हिस्परचा रिसिव्हर उभा राहतो.